गाव कुठलं, ते विचारायचं राहिलं

माझा धाकटा चुलता भातलावणीत कुणाला ऐकायचा नाही. विशीत त्याचं डोकं फिरलं. आधी भगत झाला, मग कोंबडं, मग अंगारा. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 पासून उभं आहे, आणि कर्जतहून लोकलही होती. पण ‘ठाण्याला पाठवा’ ही आमच्याकडे शिवीच. शिवाय तेव्हा 1912 चा जुना कायदा. वेड्याला आत घालायचं तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. कोर्टाची पायरी कोण चढणार?

म्हणून काका कशेळ्यातच राहिला. त्याचा पालक म्हणाल तर सगळी आळी. आजी तांदळाची भाकरी वाढायची, हॉटेलवाला चहा द्यायचा, न्हावी पैसे न घेता केस कापायचा. पेज नदीला पूर आला की कुणीतरी त्याला काठावरून धरून आणी. हे मी अभिमानाने सांगतो, पण हे अर्धंच झालं. कापणीच्या दिवसांत सगळे शेतावर. तेव्हा बैलाची साखळी पायात घालून त्याला पडवीतल्या खांबाला बांधत. कधी कधी कुलूप मीच लावलंय.

1976 ला, मी दहावीत असताना, तो गेला. कर्जत स्टेशनात दिसला, एवढंच कुणीतरी सांगितलं. घाट चढायला तिथे गाड्यांना मागून इंजिन लावतात, म्हणून लांबच्या गाड्याही थांबतात. बसला असेल एखादीत. आम्ही पोलिसांत गेलो नाही. “येईल फिरून,” म्हणालो. आजीने मरेपर्यंत त्याचं ताट वेगळं ठेवलं होतं.

त्याच स्टेशनात दुसऱ्यांचे काकाही उतरत असणार, हे मला फार उशिरा सुचलं. आमच्या नाक्यावर असाच एक बरीच वर्षं बसायचा. काहीबाही पुटपुटायचा. आम्ही त्याला वडापाव दिला, गोणपाट दिलं. ती भाषा कुठली, हे कुणी विचारलं नाही. 2005 च्या जुलैतल्या पुरानंतर तो दिसला नाही.

पुढच्याच वर्षी, 2006 ला, कर्जतजवळ वेणगावला श्रद्धा फाउंडेशनचं केंद्र सुरू झालं. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी, दोघे मुंबईतले मानसोपचारतज्ज्ञ. एक तरुण करवंटीने गटाराचं पाणी पिताना त्यांना दिसला. उपचार केल्यावर कळलं, तो पदवीधर होता. त्यातून 1988 ला संस्था निघाली. रस्त्यावरचा माणूस आणायचा, आंघोळ, जेवण, औषध. काही आठवड्यांनी तो गावाचं नाव बोलतो. मग कार्यकर्ता त्याला रेल्वेने घरी पोचवून येतो. काही घरांनी तर त्याचे दिवसही घातलेले असतात. 2018 ला डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर सात हजारांहून जास्त माणसं घरी गेली होती. आम्ही इतकी वर्षं नुसती भाकरीच देत बसलो होतो.

आता 2017 चा कायदा आहे. साखळी घालायला बंदी. असा माणूस भटकताना सापडला तर हरवल्याची नोंद करून घरचे शोधणं हे पोलिसांचं काम. आणि आजारी माणसाला स्वतःच्या पसंतीचा एक प्रतिनिधी नेमता येतो. साध्या कागदावर लिहून सही केली की झालं. हे मात्र गावात फारसं कुणाला ठाऊक नाही.

आमच्या आळीत एक मुलगा आहे, रोजच्या गोळ्यांवर. गोळ्या चालू असल्या की म्हशींचं सगळं बघतो, बंद झाल्या की घर सोडतो. आई सत्तरीची. परवा ओटीवर येऊन बसली. म्हणाली, “भाऊ, माझ्यामागं ह्याच्या गोळ्या कोण बघंल?”

मी मुलालाच बोलावून विचारलं, तुला कोण पाहिजे? तो बराच वेळ गप्प होता. मग माझ्याकडे न बघता माझ्या थोरल्याचं नाव घेतलं. दोघे एका वर्गात होते. थोरल्याला मी अजून सांगितलेलं नाही. रविवारी तो पनवेलहून येतोय.