पतसंस्था, दुकानाच्या सर्व्हरसाठी डिस्क कशी निवडावी? 'रेड' म्हणजे काय, जाणून घ्या

ढाणकी (ता. उमरखेड) : 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. कधी नेट नसतं, कधी लाईट. पण सर्व्हरची डिस्कच गेली तर नुसतं काम अडत नाही, खातेदारांचा हिशोबच जातो. म्हणून पतसंस्था, कृषी केंद्र, जिनिंग किंवा डेअरीसाठी सर्व्हर घेताना ही माहिती लक्षात ठेवा.

रेड म्हणजे काय?
अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायच्या पद्धतीला 'रेड' म्हणतात. अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ मध्ये शोधनिबंधातून ही कल्पना मांडली.

प्रकार कोणते?
▪ रेड ० : वेग जास्त, सुरक्षा शून्य. एक डिस्क गेली की सगळा डेटा गेला. हिशोबासाठी नकोच.
▪ रेड १ : दोन्ही डिस्कवर तोच डेटा. ४ टीबीच्या दोन घेतल्या तरी जागा ४ टीबीच मिळते.
▪ रेड ५ : किमान ३ डिस्क. एक गेली तरी चालतं, पण नोंदी लिहिण्याचा वेग कमी.
▪ रेड ६ : किमान ४ डिस्क. कोणत्याही दोन गेल्या तरी डेटा राहतो.
▪ रेड १० : किमान ४ डिस्क, जोडी-जोडीने. जागा निम्मी, पण लिहिणं-वाचणं दोन्ही जलद. मात्र एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या तर डेटा जातो.

मग घ्यायचं काय?
दोन-तीन काउंटर असतील तर एसएसडीवर रेड १ पुरेसं. दिवसभर अनेक जण एकाच वेळी नोंदी करत असतील तर रेड १० घ्या. जुनी कागदपत्रं, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवायला रेड ६ बरं. मोठ्या डिस्कवर रेड ५ टाळा. बिघडलेली डिस्क बदलल्यावर डेटा पुन्हा भरायला कित्येक तास लागतात, तेवढ्यात दुसरी गेली तर सगळंच संपलं.

हेही महत्त्वाचं
▪ रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून नोंद डिलीट झाली किंवा व्हायरस आला तर सगळ्याच डिस्कवर नुकसान होतं. रोज वेगळा बॅकअप घ्या, एक प्रत दुसऱ्या जागी ठेवा. महिन्यातून एकदा तो उघडून बघा.
▪ यूपीएस लावा. उन्हाळ्यात खोली थंड ठेवा.
▪ नांदेड-यवतमाळहून डिस्क येईपर्यंत दिवस जातो, म्हणून एक जादा आणून ठेवा.
▪ डिस्क बिघडल्याची सूचना मोबाईलवर येईल अशी सोय करून घ्या. एक डिस्क गेल्याचं कोणाला कळलंच नाही, तर दुसरी जाण्याची नुसती वाट बघणं होतं.

विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा : 'आज एक डिस्क गेली तर उद्या सकाळी काउंटर उघडेल का?' उत्तर लेखी घ्या, मगच पैसे द्या.