खिडकीची काच किती पुसायची?

काही वर्षांपूर्वी वडिलांसाठी नवा संगणक घेतला. नानांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. पडद्यासमोर बसून त्यांनी दोनदा चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘‘अरे, मागचं सगळं पुढं का दिसतंय? मला एका वेळी एकच वाचू दे की!’’ तेव्हापासून या काचेच्या इतिहासाची मला गोडी लागली.

संगणकाच्या पडद्यावर खिडक्या आल्या त्या १९७०च्या दशकात, अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात. टेबलावर एकावर एक पडलेले कागद, हीच त्यामागची कल्पना. वरचा कागद खालच्याला झाकणार, हे ओघानेच आले.

आरपार दिसण्याची युक्ती मात्र चित्रपटाच्या वाटेने आली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात ‘न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी’त ॲल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमुल यांनी चित्रातील प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांच्या जोडीला चौथा आकडा दिला. त्याचे नाव ‘अल्फा’. हा ठिपका मागचे किती झाकतो, एवढेच तो सांगतो. ० म्हणजे स्वच्छ काच, २५५ म्हणजे भिंत. मधल्या आकड्याला पुढच्या रंगाचे, समजा, ७० भाग आणि मागच्याचे ३० भाग मिसळायचे. १९८४ साली थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी या मिसळणीचे नियम पक्के मांडले. या चौघांना १९९६ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने तंत्रविषयक पुरस्कार दिला.

हिशेब सोपा, पण ठिपके लाखो! खिडकी जरा सरकली की सगळा हिशेब पुन्हा. म्हणून घरच्या संगणकावर ही काच उशिरा आली. ‘विंडोज २०००’ने संपूर्ण खिडकीला ० ते २५५ मधला आकडा देण्याची सोय प्रोग्रॅमरना दिली. २००१ मध्ये ‘मॅक ओएस एक्स’ आली. २००७च्या ‘व्हिस्टा’ने हे ओझे ग्राफिक्स कार्डावर टाकले, काचेचा रंग गडद-फिका करायला सरकपट्टी दिली आणि काच बंद करण्याची मुभाही. २०१२च्या ‘विंडोज ८’ने खिडक्यांच्या कडांवरची काच काढूनच टाकली. २०२५ मध्ये ॲपलने ‘लिक्विड ग्लास’ आणली. अक्षरे वाचता येत नाहीत अशी ओरड झाली आणि त्याच वर्षी काच गडद करण्याचा पर्याय द्यावा लागला.

गंमत पाहा, पन्नास वर्षांत प्रश्न एकच उरला: तो चौथा आकडा ठरवायचा कोणी? बनवणाऱ्याला सौंदर्य दिसते, वाचणाऱ्याला अक्षर हवे असते. बहुतेक संगणकांत पारदर्शकता बंद करायची खूण सेटिंगमध्ये असते. ती घरातल्या वडीलधाऱ्यांना कोणी दाखवत नाही, एवढेच.

मी ती बंद केली. नानांनी पडद्याकडे पाहिले, चष्मा न पुसता वाचायला सुरुवात केली आणि म्हणाले, ‘‘हं, आता झाली खिडकी स्वच्छ!’’