भाड्यांतलें पान आणि पदरचें पान

श्रोतेहो, गेल्या वर्षीं माझा एक भाचा सहकुटुंब भूमध्य समुद्रांतून आठ दिवसांची जलयात्रा करून परत आला. बोटीचें कौतुक सांगून झाल्यावर त्यानें खिशांतून एक कागद काढला आणि माझ्यापुढें ठेवून म्हणाला, "मामा, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात, आतां हें कोडें उलगडून द्या. तिकिटावर स्वच्छ छापलें होतें कीं, सर्व जेवणें भाड्यांत धरलेलीं आहेत. मग हे दोन रात्रींचे निराळे पैसे कशाचे?" कागद बोटीवरील हिशेबाचा होता. ह्या मंडळींनीं दोन रात्रीं मोठ्या भोजनशाळेंत न जातां वरच्या मजल्यावरील एका लहानशा इटालियन भोजनगृहांत जेवण केलें होतें, आणि त्याबद्दल माणशीं चाळीसांवर डॉलर लावले होते. ही हल्लींच्या व्यापाऱ्यांनीं काढलेली नवी युक्ति आहे, असें भाच्याचें मत. मीं त्याला म्हटलें, युक्ति शंभर वर्षांहून जुनी आहे. तिच्यांत नवी गोष्ट एकच आहे, आणि ती ह्या कागदावर लिहिलेली नाहीं. ती कोणती, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथम, जेवण भाड्यांत आलें तरी कसें? शिडाच्या जहाजांच्या काळीं गरीब उतारूंचा रिवाज आपल्या जुन्या आगगाडीच्या प्रवासासारखाच होता. ज्यानें त्यानें आपली शिदोरी आणावी. युरोप सोडून अमेरिकेस निघालेलीं कुटुंबें पीठ, बटाटे, खारवलेलें मांस बरोबर घेत आणि डेकवरील सामाईक चुलीवर पाळीपाळीनें शिजवून खात. वारा पडला आणि प्रवास लांबला कीं शिदोरी संपे. आणि समुद्रावर वाण्याचें दुकान नसतें. ह्यापायीं इतके हाल होत कीं, अखेर ब्रिटिश पार्लमेंटास १८४२ सालीं कायदा करावा लागला. प्रत्येक उतारूस रोज तीन क्वार्ट पाणी आणि आठवड्यास सात पौंड, म्हणजे सुमारें सवातीन किलो, पाव, बिस्किटें, पीठ किंवा तांदूळ एवढा शिधा जहाजवाल्यानें दिलाच पाहिजे, असें त्यानें ठरविलें. तळमजल्यावरच्या माणसाला भाड्याबरोबर अन्न मिळूं लागलें तें असें, कायद्याच्या धाकानें.

वरच्या वर्गाची गोष्ट अर्थातच निराळी. कुनार्ड कंपनीची 'ब्रिटानिया' ही टपालबोट ४ जुलै १८४० रोजीं लिव्हरपूलहून पहिल्या सफरीस निघाली, तेव्हां ताज्या दुधासाठीं तिच्यावर एक गाय बांधलेली होती. १८४२ च्या जानेवारींत चार्लस डिकन्स ह्याच बोटीनें अमेरिकेस गेला. तेथें एक लांबलचक मेज असे. ठरल्या वेळीं घंटा होई. त्या दिवशीं जें रांधलें असेल तें सर्वांना वाढलें जाई. ह्या पद्धतीला फ्रेंच भाषेंत 'ताब्ल दोत', म्हणजे यजमानाचें मेज, असें नांव आहे. आपण तिला पंगतच म्हणूं. पंगतीचा जो गुण तोच ह्या मेजाचा; एका वर्गाचें तिकीट काढलेला लक्षाधीश आणि त्याच वर्गांत कसाबसा बसलेला कारकून यांच्या पानांत भेद नसे. आणि पंगतीचा जो दोष तोही होताच. भूक लागो वा न लागो, घंटेला उठलें पाहिजे. शेजारी कोण बसावा तें आपल्या हातीं नाहीं. आणि जें वाढलें जाईल तें आपल्याला चालतें कीं नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं.

ह्या शेवटच्या दोषाचा अनुभव घेतलेला एक उतारू आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजीं मोहनदास करमचंद गांधी मुंबईहून पी. अँड ओ. कंपनीच्या 'क्लाइड' बोटीनें विलायतेस निघाले. वय अठरा वर्षांचें. आपल्या आत्मचरित्रांत त्यांनीं सांगितलें आहे कीं, कांटे-चमचे कसे धरावेत हें त्यांना ठाऊक नव्हतें, आणि कोणत्या पदार्थांत मांस नाहीं हें विचारण्याचें धैर्य होत नव्हतें. म्हणून ते मेजावर कधीं गेलेच नाहींत. घरून आणलेली मिठाई आणि फळें ह्यांवर त्यांनीं आपल्या खोलींत बहुतेक प्रवास काढला. श्रोतेहो, ह्या तरुणानें भाडें पुरें भरलें होतें, आणि त्या भाड्यांत जेवण होतें. तें त्यानें खाल्लें नाहीं म्हणून कंपनीनें हिशेबांतून एक शिलिंगही वजा केला नसेल. तशी पद्धतच नव्हती.

येथें किंचित् आडवाट करतों. पी. अँड ओ.च्या त्या मेजांवर वाढणारे हात बहुतांशीं गोमंतकीय ख्रिस्ती मंडळींचे होते. भोजनशाळेंतले वाढपी, स्वयंपाकघरांतले मदतनीस, केबिनींतले नोकर साष्टी-बारदेशाच्या गांवांतून येत, आणि दोन बोटींच्या मधल्या काळांत मुंबईस धोबीतलावाच्या बाजूस आपापल्या गांवाच्या 'कुडां'त राहात. साहेबाच्या पानांत काय पडावें ह्याची खडान्‌खडा माहिती असलेलीं हीं माणसें स्वतः मात्र निराळ्या ठिकाणीं, निराळें अन्न खात. बोटीवरील जेवणाच्या इतिहासांत त्यांचें नांव क्वचितच येतें, म्हणून येथें घेतलें.

आतां पदरच्या पानाकडे वळूं. त्याचा आरंभ जर्मनांनीं केला. हँबुर्ग-अमेरिका कंपनीचा चालक आल्बेर्ट बालिन हा मोठा कल्पक गृहस्थ होता. हिवाळ्यांत अटलांटिकवर उतारू कमी, बोटी रिकाम्या. तेव्हां १८९१ च्या जानेवारींत त्यानें 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' ही बोट २४१ हौशी प्रवासी घेऊन भूमध्य समुद्रांत नुसती फिरावयास पाठविली. आजच्या जलयात्रांची ती एक पूर्वज. ह्याच बालिननें १९०५ सालीं बेलफास्टच्या कारखान्यांत बांधलेल्या 'अमेरिका' ह्या बोटीवर 'रिट्झ-कार्लटन' नांवाचें स्वतंत्र भोजनगृह उघडलें. लंडनचें कार्लटन हॉटेल गाजविणारा सेझार रिट्झ आणि त्याचा विख्यात पाकशास्त्री एस्कोफिये ह्यांच्या तालमींतले आचारी तेथें होते. पदार्थांची यादी हातीं घ्यावी, हवें तें मागावें, हव्या त्या वेळीं जेवावें, आणि प्रत्येक पदार्थाची किंमत निराळी द्यावी, अशी ही रीत. फ्रेंचांत तिला 'आ ला कार्त' म्हणतात. बालिनचें मर्म असें कीं, जमिनीवर उत्तम हॉटेलांत राहणाऱ्या श्रीमंताला बोटीवरची घंटा जाचत होती. तो अधिक पैसे देत होता ते पंगतींतून उठण्यासाठीं.

ब्रिटिशांना हें पाहून स्वस्थ बसवणें शक्य नव्हतें. व्हाइट स्टार कंपनीनें १९११ सालीं 'ऑलिंपिक'वर तसेंच भोजनगृह ठेविलें, आणि पुढल्या वर्षीं 'टायटॅनिक'वर तें वाढवून १३७ जणांची सोय केली. खालच्या डी डेकवरची पहिल्या वर्गाची भोजनशाळा पांचशेंहून अधिक माणसांची, तेथें सर्व भाड्यांत. वर बी डेकवरचें हें लहान भोजनगृह सकाळीं आठपासून रात्रीं अकरापर्यंत उघडें, तेथें सर्व रोख.

आतां जी गोष्ट मी सांगणार म्हणालों, ती येथें आहे. कंपनीच्या नियमांत असें होतें कीं, ज्या उतारूला खालच्या भोजनशाळेंत मुळींच जेवावयाचें नाहीं त्यानें तिकीट काढतांनाच तसें सांगावें. म्हणजे भाडें ३५ पौंडांपर्यंत असल्यास माणशीं ३ पौंड आणि त्याहून अधिक असल्यास ५ पौंड वजा केले जातील. पुण्या-मुंबईच्या खानावळींत ज्यांनीं विद्यार्थिदशा काढली त्यांना हा नियम शिकवावयास नको. आपण त्याला 'खाडा' म्हणतों. आगाऊ कळवून चार दिवस गांवीं गेलें कीं महिनाअखेरीस खानावळवाली तेवढे पैसे कापून घेई. टायटॅनिकच्या लक्षाधीशांना खाडा मिळत होता! हिशेब सरळ होता: जें अन्न आम्ही तुम्हांला वाढलें नाहीं, त्याचे पैसे आमचे नव्हेत.

तें भोजनगृह कंपनीनें स्वतः चालविलेलें नव्हतें. लुइजी गात्ती नांवाच्या, लंडनांत नांव कमावलेल्या इटालियन गृहस्थास तें मक्त्यानें दिलें होतें. साठांहून अधिक इटालियन व फ्रेंच आचारी-वाढपी त्यानें आपल्या पगारावर आणले होते. १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं फिलाडेल्फियाच्या वाइडनर कुटुंबानें कप्तान स्मिथ ह्यांना मेजवानी दिली ती येथेंच. रात्रीं अकरा वाजून चाळीस मिनिटांनीं बोट हिमनगावर घांसली, आणि पहांटे दोन वीस वाजतां बुडाली. गात्तीच्या माणसांपैकीं तिघेंच वांचलीं: हिशेब ठेवणाऱ्या दोन स्त्रिया आणि पोल मोझे नांवाचा मुख्य आचाऱ्याचा चिटणीस. मोझेनें पुढें चौकशीपुढें साक्ष दिली. भोजनगृहाच्या नोकरांना वर जाऊं दिलें नाहीं. आपण आणि मुख्य आचारी उतारूंसारखा पोशाख करून होतों, म्हणूनच बहुधा आपणांस सोडलें, असें त्यानें सांगितलें. खालीं सोडल्या जात असलेल्या होडींत त्यानें उडी टाकली; आचाऱ्याला हांका मारल्या, पण तो उडी टाकूं शकला नाहीं. बोटीवर असून हीं माणसें धड कंपनीची नव्हेत, धड उतारू नव्हेत. पदरच्या पानाचा हा भाग मेजावरच्या किंमतीच्या यादींत कधींच दिसत नाहीं.

पुढील काळ थोडक्यांत आटोपतों. १९१३ सालीं बालिनच्या 'इम्पेराटर'वर पुन्हा रिट्झ पद्धतीचें भोजनगृह आलें. १९३६ सालीं 'क्वीन मेरी'वर 'व्हरांडा ग्रिल' निघालें. तेंही लहान, तेंही निराळ्या दामाचें, आणि रात्रीं तेथें नाच चाले. मग विमानें आलीं. १९५८ पासून जेट विमान सात-आठ तासांत अटलांटिक ओलांडूं लागलें आणि कोठें तरी पोहोंचण्यासाठीं बोटीवर चढणारा माणूस दिसेनासा झाला. उरला तो बालिनचा १८९१ चा हौशी प्रवासी.

त्याच्यासाठीं नवी बोट तरंगतें हॉटेल बनली, आणि जेवण हेंच प्रवासाचें एक प्रयोजन झालें. प्रथम कित्येक वर्षें पंगतच होती. संध्याकाळीं दोन पाळ्या, ठरलेलें मेज, ठरलेला वाढपी. १९९० सालीं जपानी मालकीच्या 'क्रिस्टल हार्मनी'नें मोठ्या भोजनशाळेखेरीज एक इटालियन आणि एक जपानी भोजनगृह ठेविलें, तेंही वरकड आकाराशिवाय. २००० सालीं नॉर्वेजियन कंपनीनें पाळी आणि ठरलेलें मेज दोन्ही मोडलीं. ज्यानें त्यानें हव्या त्या वेळीं हवें तेथें जेवावें असें जाहीर केलें. भोजनगृहांची संख्या वाढली आणि त्यांतल्या कांहींवर किंमत चढली. २०२४ मध्यें निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'वर ७,६०० पर्यंत उतारू मावतात, आणि खाण्यापिण्याच्या जागा वीसांहून अधिक आहेत. मूळ भाडें स्पर्धेमुळें उतरवावें लागतें. म्हणून बोटीवर चढल्यानंतर प्रवाशानें जें निराळें खर्चावें, त्यावर कंपन्यांची भिस्त वाढत गेली.

दोन पानांची तुलना करावयाची तर न्यायानें करावी. मोठ्या भोजनशाळेंतलें अन्न वाईट असतें, असें मुळींच नाहीं. परंतु एका पाळीला हजार-बाराशें पानें एकदम वाढावयाचीं, तर पदार्थ आधीं तयार करून रांगेनें ताटांत भरावे लागतात. लग्नाच्या स्वयंपाकाला जी मर्यादा तीच ह्याला. लहान भोजनगृहांत शेंसव्वाशें माणसें, मागितल्यावर शिजवणें, महागाचें मांस वा मासळी, आणि निवांतपणा. ह्या निवांतपणाला किंमत आहे, आणि ती घेण्यांत मला गैर दिसत नाहीं. माझी तक्रार दुसरीच आहे. त्या रात्रीं मोठ्या भोजनशाळेंत जें पान तुम्ही घेतलें नाहीं, त्याचे पैसे तिकिटांत आधींच गेलेले असतात, आणि आज सामान्यतः ते कोणी परत देत नाहीं. १९१२ सालीं ज्याला कंपनी आपलें देणें समजत होती, तें देणें नाहींसें झालें. पदरचें पान जुनें आहे. खाडा गेला, ही नवी गोष्ट.

२०२१ पासून मुंबईच्या बंदरांतूनही 'कॉर्डेलिया' कंपनीची जलयात्रेची बोट निघूं लागली, आणि तिच्यावर शाकाहारी व जैन जेवणाची सोय भाड्यांतच ठेवलेली आहे. १८८८ चा तो तरुण ह्याच शहराहून निघाला होता.

हें सारें भाच्याला सांगितल्यावर मीं विचारलें, "त्या दोन रात्रीं खालच्या भोजनशाळेंत तुमच्या मेजाचें काय झालें?" तो म्हणाला, "तिथला वाढपी गोव्याचा होता, मामा, मडगांवकडचा. पहिल्या रात्रीं न सांगतां वर गेलों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं भेटला तेव्हां कोंकणींत म्हणाला, काल आपण आलां नाहींत. मीं पाळी संपेपर्यंत चारी पानें मांडून ठेवलीं होतीं."