बालाघाटाचीं दोन पाणीं

नळदुर्गच्या किल्ल्यांत बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल पाहावयास जाणारे लोक बांधावरून पडणाऱ्या धारा पाहून परततात. तें पाणी पुढें कोठें जातें, याची चौकशी क्वचितच कोणी करतो. बोरी भीमेवाटे कृष्णेस मिळते. आणि याच धाराशिव जिल्ह्यांतील तेरणा मांजरेवाटे गोदावरीस जाते. दोन्हीं पाणीं अखेर बंगालच्या उपसागरांतच पडतात खरीं, परंतु गोड्या पाण्यांतील माशास समुद्राला वळसा घालून शेजारच्या नदींत येतां येत नाहीं. मनुष्यास एका प्रहराचें वाटणारें अंतर माशाच्या वंशास युगांचें असूं शकतें.

दख्खनच्या माशांचा वृत्तांत कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं प्रसिद्ध केला. धाराशिव तेव्हां निजामाच्या मुलखांत, त्यांच्या कामाच्या कक्षेबाहेर. त्यांची एक गोष्ट आम्हांस फार आवडते: लॅटिन नांवांत त्यांनीं येथलेच शब्द ठेवले. शिंघाला, खुद्री, नुक्ता. नुक्ता हा आमच्या मतें आपला ‘नकटा’च असावा, त्याच्या थोबाडावर आडवी खोल खांच असते, मग दुसरें काय म्हणावें?

साइक्स यांचें साधन म्हणजे डोळा, आणि खवले व पर यांची गणती. आतां माशाच्या पेशींतील जनुकद्रव्य वाचतां येतें. त्यांत कांहीं ठिकाणीं दोनचार अक्षरें पुनःपुन्हां येतात, व तीं किती वेळां यावीं हें कुळागणिक बदलतें. अशीं स्थळें हुडकून, अनेक माशांवर ताडून, जीं खरोखर बदलतात तेवढींच खुणा म्हणून ठेवावयाचीं, बाकीचीं निरुपयोगी. याखेरीज केवळ आईकडून येणारें द्रव्य निराळें. त्यावरून मातृवंश कळतो.

हें पांडित्य निव्वळ हौसेचें नव्हे. लोणावळ्याच्या मत्स्यबीजकेंद्रांत १९७० नंतरच्या दशकांत वाढविलेला खुद्री महासीर, हेतु चांगला असूनहि, दूरच्या कावेरींत सोडला गेला. तेथील कुबडाचा प्रचंड महासीर शिकाऱ्यांत विख्यात, पण शास्त्रांत बेनांवाचा. अंगलक्षणें व जनुकें ताडून तो ‘टोर रेमादेवी’ होय, असें २०१८ सालीं ठरलें. तोंवर तो नामशेष होण्याच्या काठावर आला होता.

आमच्याकडेहि तलावांत रोहू-कटल्याचें बीज डब्यांतून येतें, आणि डब्यास बालाघाटाची शीव ठाऊक नसते. बोरींतला शिंघाला व तेरणेंतला शिंघाला शेजारीं ठेविल्यास डोळ्यांस भेद दिसावयाचा नाहीं. मात्र दोघांच्या परांचा नखाएवढा तुकडा मद्यार्कांत ठेवला असेल, तर त्यांची फारकत झाली काय, आणि केव्हां, हें विचारतां येईल. तो तुकडा बीज मिसळण्यापूर्वींचा हवा.