मुलांच्या पाठीचें कुबड



मूल पोक काढून बसलें कीं त्यास दटावण्याची रीत घरोघर आहे. संवयीचें पोक मनावर घेतल्यास सरळ होतें. परंतु पाठीचा मणकाच किडला असेल, तर धाकाचा उपयोग नाहीं आणि बळाचा तर नाहींच. एवढी गोष्ट वैद्यकास पटावयास दोन सहस्र वर्षांहून अधिक काळ लागला.

ग्रीक वैद्य हिपॉक्रॅटिस याच्या नांवावर असलेल्या ग्रंथांत, कुबड आलेल्या रोग्यास शिडीस बांधून ती उंचावरून आदळण्याच्या उपायाचें वर्णन आहे. ग्रंथकर्त्यास हा देखावा पसंत नव्हता. तथापि शरीर ताणून कुबडावर दाब देण्याची युक्ति त्यानेंही सांगितली. नवल हें कीं, अशा रोग्यांच्या फुफ्फुसांत गांठी आढळतात, ही नोंदही त्याच ग्रंथांत आहे.

लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं १७७९ मध्यें, पाठीस बांक येऊन पाय लुळे पडणाऱ्या रोग्यांविषयीं निबंध लिहिला. मूळ विकार मणक्यांच्या हाडांत आहे, बांक हा त्याचा केवळ परिणाम. म्हणून पाठ ताणणारीं यंत्रें व्यर्थ होत, असें त्यांनीं बजावलें. या व्याधीस आजही त्यांचेंच नांव आहे. पुढें १८८२ मध्यें रॉबर्ट कॉख यांनीं क्षयाचे जंतु दाखविले, आणि हाड पोखरणारा शत्रु उघड झाला.

तरीही बळाचा मोह सुटला नाहीं. १८९६ मध्यें फ्रान्समधील बर्क येथील डॉक्टर कालो यांनीं, क्लोरोफॉर्म देऊन मुलांचीं कुबडें हातांच्या जोरानें सरळ करण्याचा प्रयोग जाहीर केला. त्यांत कांहीं मुलें दगावलीं, आणि ती रीत लवकरच मागें पडली.

खरा उपाय औषधांनीं आणला. १९४३ मध्यें स्ट्रेप्टोमायसिन हातीं आलें. महिनेच्या महिने अंथरुणास खिळून राहणें किंवा प्लास्टरचें कवच घालणें यांवांचूनही औषधांनीं हा रोग बरा होतो, हें कोरियांतील प्रयोगांच्या १९७३ मधील अहवालांनीं दाखविलें. मात्र रोग गेल्यावरही वाढत्या वयांत कांहीं मुलांचें कुबड वाढत जातें. अशांना वेळींच शस्त्रक्रिया लागते.

तेव्हां दटावण्यापूर्वीं इतकें पाहावें: पाठ सतत दुखते काय? सायंकाळीं ताप येतो काय? पडलेली वस्तु उचलतांना मूल वांकण्याऐवजीं पाठ ताठ धरून खालीं बसतें काय? तसें असल्यास त्यास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावें.