किरणांचा केंद्रबिंदू

व्हेक्टर चित्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये किरणांची नक्षी काढणे नवख्यालाही पाच मिनिटांत जमते. एक निमुळता त्रिकोण काढायचा. तो ज्या बिंदूभोवती फिरतो, तो बिंदू मुळात त्रिकोणाच्या मध्यावर असतो. तो ओढून निमुळत्या टोकावर आणायचा. मग त्रिकोणाची प्रत 15 अंशांनी फिरवायची आणि तीच क्रिया पुन्हा पुन्हा करायची. इलस्ट्रेटरमध्ये त्यासाठी कंट्रोल-डी, तर कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-आर. 24 किरणांत वर्तुळ पुरे होते. टोकाचा कोन साडेसात अंशांचा ठेवला, तर किरण आणि मधली पोकळी सारख्या रुंदीची होतात. शेवटी सारी रचना चौकटीत कोंडली की बाहेर डोकावणारा भाग नाहीसा होतो. या संपूर्ण कृतीत प्रकाशाचा प्रश्न कोठेच उद्भवत नाही. प्रश्न असतो तो एका बिंदूचा. किरणनक्षीच्या इतिहासात या बिंदूवर कोण कोण बसत आले, हाच आमच्या मते त्यातला वाचण्याजोगा भाग आहे.

रोमच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये बर्निनीने 1657 ते 1666 या काळात संत पीटरच्या आसनाची भव्य रचना उभारली. तिच्या माथ्यावर पिवळसर काचेचा अंडाकृती झरोका आहे. झरोक्यात पवित्र आत्म्याचे प्रतीक असलेले कबुतर, आणि भोवती सोनेरी किरणांचा फुलोरा. हे किरण एकसारखे नाहीत. कोठे त्यांची जुडी दाट आहे, कोठे विरळ. काही आखूड, काही ढगांना आणि देवदूतांना ओलांडून पुढे झेपावणारे. झरोक्यातून येणारा उजेड मात्र खरा आहे. धातू आणि गिलावा यांनी घडवलेले किरण त्या खऱ्या उजेडाचेच पुढचे पाऊल असल्याचा भास होतो. येथे केंद्र म्हणजे उगम.

जपानी ध्वजावर चित्र बदलते. 1870 मध्ये तेथील सैन्याने आणि 1889 मध्ये नौदलाने 16 किरणांचा उगवता सूर्य स्वीकारला. किरणांचे कोन काटेकोर समान. लांबी कमीजास्त दिसते ती केवळ आयताची कड त्यांना छेदते म्हणून. नौदलाच्या ध्वजावर सूर्य मध्यापासून काठीच्या बाजूला सरकलेला आहे, आणि एवढ्याशा सरकण्याने स्थिर भूमितीला गती येते. हीच नक्षी 1954 पासून जपानच्या सागरी स्वसंरक्षण दलाने पुन्हा उभारली. कोरियन माणसाला मात्र तिच्यात 1910 ते 1945 पर्यंतची जपानी सत्ता दिसते. भूमिती निरागस असते असे मानणाऱ्यांनी या ध्वजापाशी थोडे थांबावे.

1925 च्या पॅरिस प्रदर्शनावरून पुढे ज्या शैलीला आर्ट डेको हे नाव पडले, तिने सूर्याचा देव काढून घेतला आणि डौल ठेवला. न्यूयॉर्कच्या क्रायस्लर इमारतीचा 1930 चा मुकुट काय, मुंबईच्या जुन्या डेको इमारतींच्या लोखंडी फाटकांवरचा अर्धसूर्य काय, तेथे किरण आहेत, पण वंदन कोणालाच नाही.

मराठीत याच गोष्टीसाठी एक अर्थगर्भ शब्द आहे : प्रभावळ. देवाच्या मूर्तीमागची नक्षीदार कमान ती प्रभावळ, आणि मोठ्या माणसाभोवती जमलेला अनुयायांचा गोतावळा तीही प्रभावळच. भाषेने हा उपहास फार पूर्वीच करून ठेवला आहे.

आता संगणकाकडे. रेनॉ या मोटार कंपनीत पिएर बेझिए आणि सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी गाड्यांच्या पत्र्याचा बाक गणितात मांडण्याची रीत 1960 च्या आसपास शोधली. 1984 च्या पोस्टस्क्रिप्टने ती छपाईत आणली; 1987 मध्ये इलस्ट्रेटर आणि 1989 मध्ये कोरलड्रॉ बाजारात आले. (गंमत अशी की सरळ कडांच्या किरणाला या वक्रांची गरजच नसते.) महत्त्वाचे ते निराळेच. व्हेक्टर चित्र ठिपके साठवत नाही, आकृती कशी काढायची याची सूचना साठवते. त्यामुळे व्हिजिटिंग कार्डावरचा किरण चाळीस फुटी फलकावर नेला तरी त्याची कड फाटत नाही. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी फ्लेक्सचे दुकान थाटणाऱ्याला याहून अधिक काय हवे होते? वाढदिवसाच्या फलकावर भगव्या-पिवळ्या किरणांपुढे हात जोडून उभे असलेले साहेब आणि भोवती गोल चौकटींतले शुभेच्छुक : प्रभावळीचे दोन्ही अर्थ एकाच कापडावर.

यंत्राने प्रतीक पोकळ केले, असा सूर यावर लावणे सोपे आहे. आम्हांला तो पटत नाही. समान कोनांची शिस्त संगणकाच्या शतकभर आधीची, आणि देवाच्या मस्तकामागचे तेज हजारोंच्या संख्येने छापणारी कॅलेंडरेही आधीचीच. नवे आहे ते कामाच्या क्रमात. बर्निनीपुढे आधी झरोका होता, मग किरण. फलकवाल्याकडे किरणांची फाईल आधी तयार असते आणि गिऱ्हाईक नंतर येते. तेज सिद्ध असते. तेजस्वी पुरुषाचा फोटो तेवढा यायचा असतो.

त्यातही केंद्र मोकळे ठेवता येत नाही, याला तांत्रिक कारण आहे. चोवीस टोके एका जागी मिळतात तेथे रेषा इतक्या बारीक होतात की पडद्यावर कडा थरथरल्यासारख्या दिसतात आणि छपाईत रंगांची गिजबिज होते. ती झाकायला वर काहीतरी ठेवावेच लागते. फोटो वेळेवर आला नाही, तर तेथे कलश येतो.