पेणच्या गणेशमूर्तीचा भाव

रायगडच्या किनारपट्टीवर गणेशमूर्तीचा व्यवहार मुळात पाटावरून होत असे. आषाढ-श्रावणात यजमान घरचा पाट मूर्तिकाराकडे पोचता करी आणि त्याच पाटावर त्या घराचा गणपती घडे. चतुर्थीला मूर्ती नेताना विडा, नारळ आणि ऐपतीप्रमाणे पैसे ठेवले जात. देवाचा भाव करू नये, हा संकेत दोन्ही बाजू पाळत. यजमानाचे पीक बुडाले तर त्या साली हात आखडे. सुगी चांगली झाली की पुढे भरपाई होई. मात्र एवढ्यावर घर चालणे कठीण होते. शेती किंवा दुसरा उद्योग सांभाळूनच बहुतेक घरे माती मळत.

१८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सव वाढत गेला, मुंबईची वस्तीही वाढली. चाळीत राहणाऱ्या गिरणी कामगाराला शहरात पिढीजात मूर्तिकार कुठून मिळणार? त्याला तयार मूर्ती विकत घ्यावी लागे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले पेण मुंबईला जवळ होते. साच्याचे काम रुळले, पुढे प्लास्टर ऑफ पॅरिस आले, आणि पेणबरोबर हमरापूर, जोहे ही गावेही जवळपास वर्षभर याच कामात राहू लागली. घराला ‘कारखाना’ म्हणू लागले आणि मूर्तीला भाव लागला.

हा भाव उंचीवर ठरतो: लहान मूर्ती इंचावर, मोठी फुटावर. मोजायला सोपे म्हणून हे माप टिकले, पण त्यात कारागिराचे नुकसान दडलेले आहे. त्याच घडणीची भरीव शाडूची मूर्ती दुप्पट उंच केली की माती आठपट लागते. पोकळ प्लास्टरच्या मूर्तीत जाडी तीच ठेवली तर माल सुमारे चौपट होतो. डोळ्यांच्या आखणीचा हिशेब तर याहून वेगळा. मूर्ती जेवढी लहान, तेवढी पापणीची रेघ बारीक आणि हात चुकण्याची भीती जास्त. मूर्तीचा भाव (म्हणजे चेहऱ्यावरचा) याच रेघेतून उतरतो, पण इंचाच्या दरात तिला स्वतंत्र जागा नाही. खडेकाम, खरे धोतर, फेटा यांचे पैसे वेगळे लावले जातात, कारण ते गिऱ्हाइकाला दिसतात. आखणीचेही तसेच वेगळे मोल लागणे न्यायाचे ठरेल.

मूळ नमुना घडवणाऱ्याची स्थिती आणखी अवघड. त्याला एकदाच पैसे मिळतात. साच्यातून नंतर शेकडो मूर्ती निघतात, त्यावर त्याचे नावही नसते. याच किनाऱ्यावरच्या सासवण्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचा मार्ग वेगळा होता. कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड यांच्या मदतीने ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, आणि पुण्यात १९२८ साली उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांच्या नावाने ओळखला जातो. पेणच्या नमुनाकाराचा हातही तितक्याच आदराने ओळखला जायला हवा.

भावातला सर्वांत मोठा प्रश्न जोखमीचा आहे. कच्ची, म्हणजे न रंगवलेली मूर्ती घाऊक व्यापारी उचलतो, रंगवून शहरात विकतो. त्याने दिलेली आगाऊ रक्कम कारखान्याला हवीच असते, कारण माल आणि मजुरी आधी भागवावी लागते. पण ठरलेला दर महिनोनमहिने बांधला जातो. मध्ये रंग, प्लास्टर किंवा मजुरी महागली तर वाढीव खर्च कारागिराच्या अंगावर येतो. मोडतोडही त्याचीच. चतुर्थी उलटली की उरलेल्या मूर्तीला गिऱ्हाईक राहत नाही, ती वर्षभर सांभाळावी लागते. परदेशातल्या मराठी घरांसाठीची मागणी तुलनेने सुरक्षित, कारण त्या मूर्ती समुद्रमार्गे जाण्यासाठी बऱ्याच आधी पक्क्या ठरतात.

ही जोखीम किती एकतर्फी आहे ते २०२० साली उघड झाले. करोनाकाळात राज्य सरकारने घरगुती मूर्तीला २ फूट आणि सार्वजनिक मूर्तीला ४ फूट उंचीची मर्यादा घातली. मूर्तीचे काम तर महिनोनमहिने आधी सुरू होते. त्याहून उंच घडलेला माल ज्याच्याकडे होता, त्याचे भांडवल अडकले.

त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंदी घालणाऱ्या सूचना काढल्या. न्यायालयीन वाद पुढे चालत राहिला. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या मूर्ती घडवण्यास मुभा दिली, पण परवानगीशिवाय नैसर्गिक जलाशयात विसर्जन करता येणार नाही असे बजावले. त्यामुळे शाडूकडे वळणाऱ्यांना नवा हिशेब मांडावा लागतो. प्लास्टर काही मिनिटांत धरते. शाडू सावकाश सुकते, तडकते, जड असल्याने वाहतुकीत अधिक जपावी लागते. दिवसाकाठी कमी नग निघतात, म्हणून त्याच उंचीच्या शाडूच्या मूर्तीला जास्त दर घेणे भाग असते. कारागीर हा फरक गिऱ्हाइकाला मातीच्या किमतीवरून समजावू पाहतात, पण तो मुख्यतः वेळेचा आणि हाताचा आहे, आणि दर सांगताना तसाच सांगितला पाहिजे.